तुमचा दम, आमचा दम

ड्रिलबाईंना लग्नाला बोलवावं की नाही, यावर आमच्या गल्लीत दर लग्नसराईत वाद व्हायचा. न बोलवावं तर त्या चिडणार, बोलवावं तर पंगत बिघडणार. कारण बाई मांडवात शिरल्या की पहिलं काम, बायकांना उंचीप्रमाणे बसवायचं. "ए, तू तिकडे. तू इकडे ये. अहो मामी, मध्ये कुठे घुसून राहिल्या तुम्ही? शेवटी जा." वरमाय बुटकी निघाली तर तिची रवानगी थेट दारापाशी. एका वरमायेनं रुसून ताट पुढे सारलं, तेव्हा बाई तिला म्हणाल्या, "रुसायचं तर रुसा, पण लायनीत रुसा."

आता अशा बाईला काय म्हणावं!

इंदूरला मुलींच्या एका मराठी शाळेत त्या ड्रिल शिकवायच्या आणि मी मराठी. त्यांना नाव होतं, चांगलं भारदस्त होतं, पण हजेरीच्या वहीबाहेर ते कुणी वापरलं नाही. मुली ड्रिलबाई म्हणायच्या, आम्ही बरोबरीच्या नुसतंच बाई. वडील संस्थानच्या फौजेत बिगूल वाजवायचे. "आमच्या घराण्यात दागिने नाही मिळत, फेफडे मिळतात," असं त्या छाती ठोकून सांगायच्या. फेफडे म्हणजे फुफ्फुसं. मी दुरुस्त करायला गेले की म्हणायच्या, "तेच ते. हवा तर तीच भरायची ना?"

आमचं भांडण भाषेवरून रोजचं. त्या "मी आली" म्हणायच्या, मी "आले" करून द्यायची. "चालून राहिली", "करून राहिली", "माझ्याकडून नाही होत". माझ्या कानाला खडे टोचायचे. वास्तविक मीही इंदूरचीच, घरी आम्हीही तसंच बोलायचो. पण मराठी शिकवायला लागल्यापासून मला जरा शिंगं फुटली होती, हे खरं. त्या मला व्याकरणबाई म्हणायच्या आणि मी त्यांना काही म्हणू शकत नव्हते, कारण त्या माझ्यापेक्षा पुष्कळ मोठ्या होत्या आणि त्यांच्या गळ्यात शिट्टी होती.

संस्थान गेलं, मध्यभारत आला, तोही जाऊन मध्यप्रदेश आला. बाई मात्र मध्यभारतातच राहिल्या. राजधानी भोपाळला गेली याचा राग त्यांनी शेवटपर्यंत भोपाळच्या खो-खो संघावर काढला. आमच्या मुली इतर कुणाशी हरल्या तर चालायचं, भोपाळशी हरल्या की आठवडाभर मैदानाला जादा फेऱ्या.

खाण्याच्या बाबतीतही तीच तऱ्हा. त्या काळात आमच्या घरच्या बायका सराफ्यातलं, म्हणजे सराफ बाजारातल्या हलवायांकडचं, खायच्या, पण पुडा बांधून घरी आणून, दार लावून. बाई संध्याकाळी एकट्या जायच्या आणि भर बाजारात उभ्यानं खायच्या. पांढरी साडी, पायात कॅनव्हासचे बूट, हातात दोना. हलवाई मान वर करून वाट बघायचा. बाई एक घास घ्यायच्या, डोळे मिटायच्या आणि निकाल द्यायच्या, "दम आहे भिया." किंवा, "आज दम नाही." दम नाही म्हटलं की त्याचं तोंड पडायचं.

हा दम त्यांचा तकियाकलाम, म्हणजे पालुपद होता. चहात दम, भजनात दम, हेडमिस्ट्रेसबाईंच्या भाषणात दम नाही. गल्लीत कुणी वारलं तरी भेटून आल्यावर म्हणायच्या, "माणूस कंजूस होता, पण दम होता त्याच्यात." मैदानावर तर दुसरा शब्दच नाही. दमलेल्या मुलींना ओरडायच्या, "दम आहे का?" आणि धापा टाकणाऱ्या मुली एका सुरात ओरडायच्या, "आहे!"

आणि ह्या बाईंच्याच फुफ्फुसात गाठ निघाली.

खोकला जाईना म्हणून फोटो काढला, मग दुर्बीण झाली, मग डॉक्टर माझ्याकडे बघून हळू आवाजात बोलायला लागले. त्या काळी कॅन्सर हा शब्द रोग्यासमोर उच्चारत नसत. बाईंनी टेबलावर टकटक केलं. "इकडे बोला. गाठ माझी आहे, तिची नाही." ऑपरेशन होण्यासारखं नव्हतं. दर तीन आठवड्यांनी सुई घ्यायची, बाटली चढवायची, असं ठरलं. गल्लीतल्या बायका आडून आडून विचारायच्या, बाई कधी बिडीबिडी ओढायच्या का हो? मी कानकोंडी व्हायची. बाईंच्या कानावर गेलं तेव्हा त्यांनी परस्पर उत्तर पाठवून दिलं, "बिडी नाही म्हणावं, चिरूट."

लग्न केलेलं नव्हतं. सख्खा म्हणावा असा एक धाकटा भाऊ. आई-वडील लवकर गेले, तेव्हा हा एवढासा होता. बाईंनीच त्याला वाढवला. आता मानपुरला, आग्रा रोडवर, ट्रकच्या सुट्या भागांचं दुकान होतं त्याचं. धिप्पाड गडी, ही मोठी मिशी. प्रत्येक सुईच्या दिवशी बसनं यायचा, दवाखान्याच्या व्हरांड्यात उभा राहायचा आणि बाई बाहेर आल्या की एकच विचारायचा, "जीजी, दम आहे ना?"

"आहे म्हणजे? तुझ्यापेक्षा जास्त."

तेवढं ऐकून तो खूश होऊन जायचा. दुकानावर येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला सांगायचा म्हणे, आमची जीजी कॅन्सरला उठाबशा काढायला लावून राहिली आहे.

आत खोलीत बाईंबरोबर मी असायची. तिथे जे चालायचं ते त्यानं कधी पाहिलं नाही. बाटली संपेपर्यंत बाई गप्पा मारायच्या, शेजारच्या खाटेवरच्या बाईला नीट श्वास कसा घ्यायचा ते शिकवायच्या. घरी पोचल्यावर सुरू व्हायचं. ओकाऱ्या, तोंड आलेलं, पाणीसुद्धा लोखंडासारखं लागायचं. केस मूठमूठ गेले. तर बाईंनी भर एप्रिलात माकडटोपी चढवली. इंदूरचा एप्रिल आणि माकडटोपी! रस्त्यावरची मुलं हसायची. बाई त्यांना हसू द्यायच्या, फक्त म्हणायच्या, "जोरानं हसा. अर्धवट नाही."

तीन आठवड्यांना त्यांनी नावं दिली होती. सुईनंतरचा पहिला तो पडका आठवडा. दुसरा उभा, म्हणजे उभं राहता यायचं, भिंतीला धरून. आणि तिसरा खेळाचा आठवडा. त्या आठवड्यात बाई सकाळी मैदानावर हजर. शिट्टी दुसऱ्या बाईंकडे दिलेली असायची, पण हुकूम ह्यांचेच. थोडं खायच्या, मुलींना शिव्या घालायच्या, संध्याकाळी माझ्याशी क्रियापदांवरून भांडायच्या. "ह्या एका आठवड्यासाठी ते दोन देते मी," म्हणायच्या. "सौदा महाग आहे, पण माल खरा आहे."

औषध देणारा डॉक्टर तरुण होता, पुण्याकडचा. नवीन बदलून आलेला, हिंदीत चाचपडणारा. मराठी पेशंट दिसला की त्याचा जीव भांड्यात पडायचा. पहिल्यांदा तो बाईंना मावशी म्हणाला. बाई म्हणाल्या, "तुमच्या आईला मी ओळखत नाही. बाई म्हणा." तेव्हापासून तो बिचारा बाई म्हणायचा. नळी छातीला लावायचा, पाठीला लावायचा आणि विचारायचा, "काय बाई, दम आहे का अजून?"

"आहे ना! भरपूर आहे."

तो मान हलवायचा, काहीतरी लिहायचा. पुढच्या वेळी पुन्हा तेच. मी शेजारी बसलेली असायची आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मला वाटायचं, चांगला पोरगा आहे, रोग्याची हिंमत विचारतो.

तीनचार सुया झाल्यावर तो गंभीर झाला. म्हणाला, अपेक्षेप्रमाणे फरक नाही, औषध बदलून जरा जालीम द्यावं लागेल. दिलं. आणि बाईंचा खेळाचा आठवडा गेला. पहिला पडका, दुसरा पडका, तिसऱ्यात जेमतेम उठून बसेपर्यंत पुढच्या सुईची तारीख. सकाळी मैदानावरून मुलींचा आवाज त्यांच्या खोलीत यायचा, तेव्हा त्या भिंतीकडे तोंड करून पडायच्या. मला म्हणाल्या, "व्याकरणबाई, हे जगणं कोणत्या काळात बसतं गं? भूतकाळात नाही, वर्तमानात तर नाहीच नाही." मला रडू आलं. त्यांनी मला बाहेर काढलं.

अशी जालीम औषधाची दुसरी खेप झाली आणि तपासायला गेलो. डॉक्टर वैतागून, स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "इतकं देऊनही दम आहेच म्हणता. बरं, चालताना जास्त असतो की पडल्यावर?"

बाई पार खंगल्या होत्या, तरी ताठ बसल्या. "चालताना! अहो, मला चालू तर द्या, मग बघा माझा दम!"

तो चक्रावून त्यांच्याकडे बघायला लागला आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अगं बाई गं! "डॉक्टर, थांबा," मी ओरडलेच. "तुमचा दम आणि आमचा दम वेगळा आहे!"

"म्हणजे?"

"तुम्ही विचारताय धाप लागते का. त्या सांगताहेत, हिंमत आहे. आमच्याकडे दम म्हणजे जोर, ताकद. चहातसुद्धा दम असतो आमच्याकडे!"

डॉक्टर कानापर्यंत लाल झाला. मग त्याला हसू फुटलं, मला फुटलं, शेजारची नर्स तोंडाला पदर लावून हसायला लागली. बाईही हसल्या. "म्हणजे बाई, तुम्हाला दम लागत नाही?" त्यानं विचारलं.

"लागत नाही," बाई पटकन म्हणाल्या.

त्यानं पुन्हा नळी लावली. जरा जास्त वेळ ऐकलं. मग म्हणाला, "पुढच्या आठवड्यात एक फोटो काढू. तुमचा दम की आमचा दम, ते फोटो सांगेल."

मी हवेत होते. जन्मभर शब्दांचे अर्थ शिकवले, पण असा उपयोग कधी झाला नव्हता. आता जुनं औषध सुरू होणार, खेळाचा आठवडा परत येणार, असं बडबडत मी जिना उतरत होते. मागे वळून पाहिलं तर बाई मधल्या वळणावर कठडा धरून उभ्या.

"काय झालं?"

"काही नाही. वाचून राहिली आहे."

समोर भिंतीवर लिहिलं होतं, 'यहाँ न थूकें'. तीन शब्द. तेवढ्या वेळात त्याच्यावर निबंध झाला असता. मी "वाचते आहे" असं दुरुस्त करायला तोंड उघडलं आणि मला त्यांची छाती दिसली, भात्यासारखी वरखाली होणारी.

"त्या पोरानं चूक नव्हतं समजलं गं," त्या थांबत थांबत म्हणाल्या. "तुझ्या पुस्तकातला दमपण आहे. तोही भरपूर आहे."

"कधीपासून?"

"दुसऱ्या सुईपासून."

"मग खोटं का बोललात? आत्ता, आत, का खोटं बोललात?" मी जिन्यातच ओरडले. मला भयंकर राग आला होता आणि भीती त्याहून जास्त वाटत होती.

"डॉक्टरला कळलं की तो भावाला सांगणार. तो पठ्ठ्या बाहेर उभा राहून विचारतो. एवढा होता तेव्हापासून मी त्याला 'नाही' म्हटलं नाहीये. आता कोणत्या तोंडानं म्हणू?" मग जरा श्वास घेऊन म्हणाल्या, "आणि चुकून का होईना, पोरानं औषध बरोबर बदललं होतं. तेही लागू नाही पडलं, त्याला कोण काय करणार."

फोटोत गाठ वाढलेली दिसली. डॉक्टर भला माणूस. फोटो दिव्यासमोर धरून त्यानं बाईंनाच सगळं समजावलं. औषध आणखी देता येईल, त्यानं थोडे दिवस कदाचित वाढतीलही, पण ते दिवस असेच, अंथरुणातले. बंद केलं तर शरीराला विसावा मिळेल, आणि धापेवर, खोकल्यावर देण्यासारखं त्याच्याकडे दुसरं काही आहे.

"खेळाचा आठवडा येईल?" बाईंनी विचारलं.

त्याला कळेना. मी सांगितलं, खेळाचा आठवडा म्हणजे काय ते. त्यानं फोटो खाली ठेवला. "येईल असं वाटतं," म्हणाला. "किती, ते नाही सांगता येणार."

"मग बंद करा," बाई म्हणाल्या. "पण भावाला मी सांगीन. तुम्ही तोंड उघडायचं नाही."

पुढचं थोडक्यात सांगते. खेळाचे आठवडे आले. आधी सलग आले, मग आठवड्यातले दोनतीन दिवस खेळाचे राहिले, मग एखादी सकाळ. बाईंनी मैदानावर खुर्ची नेली आणि उभ्या जन्मात पहिल्यांदा बसून हुकूम सोडले. डोक्यावर केसांची लव आली, ती सगळ्यांना हात लावून बघायला लावायच्या. थंडी पडल्यावर मी त्यांना टांग्यानं सराफ्यात नेलं. हलवायानं गराडू, म्हणजे तळलेल्या कंदाच्या मसाला लावलेल्या फोडी, टांग्यात आणून दिले. आधी त्यांनी मसाल्याला नावं ठेवली, मग दुसरा दोना मागवला. रात्री धाप लागायची, उशांना टेकून बसून राहायच्या. डॉक्टर स्वतः घरी येऊन औषध देऊन जायचा आणि जाताना मैदानावर काय झालं ते ऐकून जायचा. संक्रांतीच्या आधी बाई गेल्या. प्रेत उचलताना खांदेकऱ्यांत उंचीचा मेळ नव्हता आणि ते सगळ्यांना खटकलं, असं माझे यजमान घरी येऊन म्हणाले. आम्ही दोघं हसलो आणि मग मी पुष्कळ रडले.

पण मला सांगायचं आहे ते मानपुरचं.

औषध बंद करून महिना होत आला होता. भावाला अजून काही माहीत नव्हतं. सुईची तारीख पुढे गेली, एवढंच त्याला कळवलेलं. एका रविवारी बाई म्हणाल्या, "चल. त्याच्या घरी जाऊन सांगीन. इथे सांगितलं तर व्हरांड्यातून पळून जाईल, स्वतःच्या घरातून कुठे पळणार?" राऊ गेलं, महू गेलं, बसमध्ये बाई खिडकीशी बसून दर वळणावर ड्रायव्हरला नावं ठेवत होत्या. मानपुरच्या स्टँडवर तो उभाच होता. बहीण पायांनी चालत बसमधून उतरली हे बघून त्याला काय करू नि काय नको झालं. "जीजी आली! जीजी आली!" दुकानातला मेकॅनिक, पानवाला, समोरचा ढाबेवाला, सगळ्यांना त्यानं ओरडून सांगितलं.

जेवणं झाली. वहिनी आत भांडी आवरत होती. बाई खाटेवर बसल्या होत्या, तो समोर स्टुलावर, मी दाराशी.

"सुई बंद केली मी," बाई म्हणाल्या.

त्याचा चेहरा असा काही फुलला की मला बघवेना. "बंद? म्हणजे खतम? बरी झाली तू?"

"नाही रे. बरी नाही होणार. म्हणून बंद केली."

त्याला ते कानातून आत घ्यायला वेळ लागला. मग एकदम सुरू झाला. मुंबईला नेतो, आज नेतो, त्याचा एक ट्रकवाला आहे, ओळख काढतो, हा डॉक्टर पोरगाच आहे, त्याला काय कळतं. बाई बोलू देत होत्या. मधेच तो थबकला. "पण दम तर होता ना? तूच म्हणायची."

"तुला ऐकवायला म्हणायची. धाप लागते मला. खूप दिवसांपासून."

"मग खोटं का बोलली माझ्याशी?"

"तुला खरं झेपत नव्हतं. आणि तुझ्यासाठी मी ती सुई घेत राहिली. आता नाही घेणार. आता जे उरले ते दिवस मला पाहिजेत, माझे म्हणून."

तो ताडकन उठला. दारापर्यंत गेला, मला जवळजवळ ढकलून बाहेर तोंड काढलं आणि मेकॅनिकवर विनाकारण ओरडला. परत आत आला. हात लटकत होते, एवढ्या मोठ्या माणसाचे. "मग मी काय करू, जीजी? मला काही काम तर सांग."

जन्मभर माणसांना कामं सांगत आलेल्या बाईंनी त्याचे ते लटकते हात पाहिले. मग खाटेजवळच्या जमिनीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "इथे बैस."

तो खाली बसला.

"आता रड," बाई म्हणाल्या. "मी आहे तोवर रडून घे. नंतर तुला गप्प करायला कोण येणार?"

तो आधी मान हलवत राहिला, नाही, नाही म्हणून. मग त्यानं खाटेच्या काठावर कपाळ टेकलं आणि त्या घरात मी एका पुरुषाला असं मोकळं रडताना ऐकलं की आतून वहिनी ओल्या हातांनी धावत आली. बाईंनी तिला हातानंच थांबवलं. दुसरा हात त्याच्या पाठीवर होता. स्वतःला धाप लागली होती, तरी तो हात सावकाश फिरत होता. त्याला गप्प करायची त्यांनी मुळीच घाई केली नाही.